वारा पडतो तेव्हा : इंधन डेपोचा पर्यावरण अहवाल कसा वाचायचा

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत, एक चौकोन छापून येतो. अमुक तालुका, अमुक गट नंबर, 'पेट्रोलियम पदार्थांचे साठवण टर्मिनल', क्षमता इतके किलोलिटर आणि खाली 'पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी'ची तारीख. दोन दिवसांत गावात तीन तट पडतात. पहिला म्हणतो, पोरांना नोकऱ्या लागतील. दुसरा म्हणतो, विहिरी नासतील. तिसरा म्हणतो, एक ठिणगी पडली की गाव उडेल. या तिन्ही गोष्टींबद्दल काहीतरी सांगणारा जाडजूड अहवाल तोवर ग्रामपंचायतीच्या कपाटात येऊन पडलेला असतो आणि त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच असतात.

गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मूळ अहवाल इंग्रजीत असतो. मराठीत मिळतो तो सारांश, आणि त्याचं मराठी अनेकदा असं की त्यापेक्षा इंग्रजी सोपं वाटावं. म्हणून हा लेख. डेपोच्या बाजूने किंवा विरुद्ध वकिली करायची नाही, अहवाल हातात आला तर बोट कुठे ठेवायचं एवढंच सांगायचं आहे.

डेपोत शिजत काही नाही

सुरुवात एका गैरसमजापासून. रिफायनरी आणि डेपो (यालाच कागदोपत्री टर्मिनल म्हणतात) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिफायनरी म्हणजे स्वयंपाकघर. तिथे कच्चं तेल तापवून, वेगळं करून, त्यापासून पेट्रोल, डिझेल, रॉकेल बनवतात. डेपो म्हणजे कोठीघर. तयार माल पाइपलाइनने, रेल्वे वाघिणींनी किंवा जहाजाने येतो, टाक्यांत थांबतो आणि टँकरमधून पंपांवर जातो. मनमाडजवळचं पानेवाडी, पुण्याजवळचं लोणी काळभोर, सोलापूरचं पाकणी, सांगलीकडचं हजारवाडी, अकोल्याचं गायगाव, नगरजवळचं अकोळनेर ही नावं टँकरचालकांना तोंडपाठ असतात, ती याच कोठीघरांमुळे.

त्यामुळे बारसूच्या रिफायनरीच्या वादात ऐकलेले सगळे मुद्दे जसेच्या तसे डेपोला लावले तर सुनावणीत कंपनीचा अधिकारी ते दोन मिनिटांत खोडून काढतो, आणि मग खरे मुद्देही त्यात वाहून जातात. डेपोला भट्टी नसते, उंच धुराडं नसतं, पाणीही तुलनेने कमी लागतं. त्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. एकाच जागी काही हजार किलोलिटर ज्वालाग्राही द्रव साठलेला असणं, हाच तो धोका.

सगळे द्रवही सारखे नव्हेत. आपल्याकडे त्यांची प्रतवारी ज्वलनबिंदूवर होते. ज्वलनबिंदू म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ज्योत जवळ नेताच क्षणभर पेट घेते, ते तापमान. २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर 'अ' वर्ग, २३ ते ६५ 'ब', त्यापुढे ९३ पर्यंत 'क'. पेट्रोल 'अ' मध्ये येतं, डिझेल आणि रॉकेल 'ब' मध्ये. थंडीच्या पहाटेसुद्धा पेट्रोलची वाफ पेटायला तयार असते, डिझेलला आधी तापवावं लागतं. म्हणून अहवालातली एकूण क्षमता वाचून थांबू नका. त्यातलं पेट्रोल किती, ते आधी शोधा.

ईआयए म्हणजे कोणती कसोटी?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी केंद्राने एक अधिसूचना काढली. ठरावीक प्रकारचा प्रकल्प उभारण्याआधी त्याचे परिणाम अभ्यासून पर्यावरण मंजुरी घ्या, असं ती सांगते. हा अभ्यास म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, सगळ्यांच्या तोंडी 'ईआयए'. कारखान्यांपासून वेगळा, स्वतंत्र असा घातक रसायनांचा मोठा साठा याच अधिसूचनेच्या यादीत येतो.

प्रक्रियेचे टप्पे चार. प्रकल्पाला पूर्ण अभ्यास लागतो का, ते ठरवणं. अभ्यासात काय काय पाहायचं, ती विषयपत्रिका देणं. लोकांचं म्हणणं ऐकणं. आणि शेवटी तज्ज्ञ समितीने छाननी करणं. पहिल्याच टप्प्यावर बऱ्याच गोष्टी सुटतात. प्रकल्प 'ब-२' गटात गेला तर सविस्तर ईआयए आणि सुनावणी दोन्ही लागत नाहीत. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत असेल तर सुनावणीतून सूट मिळू शकते. 'आमच्याकडे सुनावणी झालीच कशी नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

लग्न ठरवताना आपण चौकशी करतो तसंच हे. मुलगा बरा की वाईट असा निकाल चौकशी देत नाही. घरात माणसं किती, कर्ज आहे का, आजार आहे का, एवढं कळतं. निर्णय आपण घ्यायचा. पण चौकशीला ज्याला पाठवलं त्याने शेजाऱ्यांना विचारलंच नाही, तर ती चौकशी चहा पिऊन परत येण्यापलीकडे काही नसते.

रोजचा त्रास : वाफ, चाकं आणि पाणी

नळाखाली रिकामा हंडा ठेवला की पाणी वर चढतं तसतशी आतली हवा बाहेर पडते. टाकीचंही तेच. भरताना आतली इंधनाची वाफ बाहेर ढकलली जाते. शिवाय दिवसा ऊन लागून वाफ फुगते, रात्री आकसते, म्हणजे टाकी श्वास घेते. या वाफेत बेंझीन असतं. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रात वादाचं राहिलेलं नाही. आपल्याकडे हवेतल्या बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे.

यावर उपाय आहे आणि तो लोणच्याच्या बरणीसारखा आहे. लोणच्यावर तेलाचा थर असला की फोडींना हवा लागत नाही. पेट्रोलच्या टाकीत द्रवावरच टेकून तरंगणारं छत बसवतात. ते पातळीबरोबर वरखाली होतं, मधे वाफेला जागाच उरत नाही. टँकर भरताना निघणारी वाफ पकडून पुन्हा द्रव करणारं यंत्रही असतं. अहवालात ही दोन्ही आहेत का, आणि वाफेचं यंत्र बंद पडलं तर टँकर भरणं थांबवणार का, हे विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा अहवालात नसतं.

चाकांचं गणित घरीच करता येतं. समजा डेपोतून रोज २,४०० किलोलिटर माल जाणार आणि टँकर २४ किलोलिटरचा. म्हणजे १०० टँकर, येताना रिकामे आणि जाताना भरलेले धरून २०० फेऱ्या. बारा तासांत वाटल्या तर साधारण साडेतीन-पावणेचार मिनिटाला एक टँकर, शाळेसमोरून. अहवालात 'रस्त्याची क्षमता पुरेशी' असं एक वाक्य असतं. ते कोणत्या महिन्यात, ऊस वाहतुकीच्या हंगामात की त्याआधी मोजलं, हे पाहण्यासारखं असतं.

आता पाणी. टाक्यांभोवती कमरेएवढी किंवा त्याहून उंच भिंत घालून आवार केलेलं असतं, त्याला डाइक म्हणतात. टाकी फुटली तर माल बाहेर जाऊ नये, म्हणून त्यातल्या सर्वांत मोठ्या टाकीचा पूर्ण माल मावेल एवढं ते आवार असावं लागतं. पण आपल्याकडे पाऊस पडतो. कोकणात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. डाइकमध्ये साठलेलं पाणी काढायला भिंतीत एक निचऱ्याची झडप असते. ती एरवी बंद हवी, पाणी तपासून तेवढ्यापुरती उघडायची, नंतर लगेच बंद. ही झडप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जमिनीखाली काय होतं, हे महाराष्ट्राच्या बाबतीत जास्त अवघड आहे. आपला बराचसा भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही, भेगांमधून धावतं. गळलेलं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तवंगासारखं तरंगतं, आणि त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं. कोणत्या भेगेतून ते कोणाच्या विहिरीत निघेल, हे वरून पाहून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा बेंझीनचा ना वास येतो ना चव, प्रयोगशाळाच लागते.

हल्ली आणखी एक नवं पाहुणं डेपोत आलंय, आपल्याच उसाच्या पट्ट्यातून. इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळायचं म्हणून डेपोत त्याच्या वेगळ्या टाक्या असतात. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे तेल आणि पाणी वेगळं करणारा हौद त्याला अडवू शकत नाही. त्याच्या आगीवर साधा फेस टिकत नाही, वेगळ्या प्रकारचा फेस लागतो. जुन्या अहवालाची नक्कल मारून नवा केला असेल तर नेमकं हेच पान जुनं राहतं.

जयपूरची पंचाहत्तर मिनिटं

इथवरचं सगळं रोजचं झालं. चांगला चालवलेला डेपो रोजच्या त्रासात बऱ्यापैकी कमी उपद्रवी असतो, हे मान्य करायला हवं. अहवालांची पानंही याच विषयांनी भरलेली असतात, कारण ते मोजायला सोपं. माझ्या मते खरा प्रश्न दुसराच आहे. तो वर्षानुवर्षं काहीच करत नाही आणि मग एका संध्याकाळी सगळं करतो.

२९ ऑक्टोबर २००९, गुरुवार. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक भागातल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्या कंपनीकडे पाइपने पेट्रोल पाठवायची तयारी चालली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास एका टाकीच्या नळीवरची जुन्या धाटणीची झडप स्थिती बदलण्यासाठी उघडली असताना मागची झडपही उघडी निघाली आणि पेट्रोलचं कारंजं उडालं. काम करणारा माणूस त्यात भिजून, वाफेने गुदमरून पडला. मदतीला गेलेल्यांचीही गत तीच. नियंत्रण कक्षात बसून ती मागची झडप बंद करण्याची सोय चालू नव्हती. सुमारे ७५ मिनिटं पेट्रोल वाहत राहिलं, जवळजवळ १,००० टन. आणि डाइकची ती निचऱ्याची झडप? ती उघडी होती. पेट्रोल भिंतीआड अडण्याऐवजी पावसाच्या पाण्याच्या गटारातून आवारभर पसरलं.

साडेसातच्या सुमारास स्फोट झाला. अकरा माणसं गेली, त्यांत काही टर्मिनलची, काही कुंपणाबाहेरची. अकरा टाक्या जळाल्या. आग अकरा दिवस चालली, कारण ती विझवण्यापेक्षा इंधन जळून संपू देणंच शहाणपणाचं ठरलं.

याच्या सहाच दिवस आधी पोर्तो रिकोत सान हुआनजवळच्या बायामोन इथे टाकी भरून वाहिली होती आणि वाफेच्या ढगाचा असाच स्फोट झाला होता. त्याच्या चार वर्षं आधी, ११ डिसेंबर २००५ ला, लंडनच्या उत्तरेला बन्सफील्ड डेपोत हेच घडलं. पातळी दाखवणारा काटा अडकला, टाकी भरतच राहिली, अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वरून ओसंडलं. पातळी फार चढली की पुरवठा तोडणारं वेगळं स्विचही होतं. पण त्याची चाचणीची दांडी जागेवर धरायला एक छोटं कुलूप लागतं, ते लावलेलंच नव्हतं, त्यामुळे स्विच निकामी होतं. रविवारची पहाटेची सहाची वेळ, शेजारची कार्यालयं रिकामी, म्हणून ४३ जखमींवर निभावलं. सोमवारी सकाळी दहाला झालं असतं तर काय, याचा विचारही नको.

वारा आणि ढग

घरात सिलिंडर गळला तर आजी काय सांगते? बटण दाबू नकोस, आधी दारं-खिडक्या उघड. तिला ठाऊक असतं की गॅस खाली बसतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, माळशेजच्या दरीत धुकं उतरतं तशी उताराने, नाल्याने, रस्त्याने सरपटत जाते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना ती पेटते. त्याहून पातळ असेल तर पेटत नाही, दाट असेल तरी नाही. ढगाच्या कडेला कुठेतरी नेमकं हे प्रमाण जुळतं, आणि तिथे एखादी गाडी सुरू होते.

वारा असता तर ढग विरला असता. जयपूर आणि बन्सफील्ड, दोन्हीकडे हवा जवळजवळ स्तब्ध होती. ईआयए अहवालात एक सुंदर फुलासारखी आकृती असते, वारा वर्षभर कोणत्या दिशेने किती वाहतो ते दाखवणारी. ती बघून कंपनीचा माणूस सांगतो, 'इथे वारा पश्चिमेकडून येतो, गाव दक्षिणेला आहे, काळजी नको.' धुरासाठी हे उत्तर बरोबर आहे. वाफेच्या ढगासाठी ते लागूच पडत नाही. वारा पडलेला असतो तेव्हा ढग वाऱ्याची दिशा विचारत नाही, जमिनीचा उतार विचारतो. म्हणून प्रश्न असा हवा : वारा पडलाय, पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ आहे, टाकी भरून तासभर वाहतेय. ढग कुठवर जाईल?

बन्सफील्डच्या आधी तज्ज्ञांनाही हा प्रश्न महत्त्वाचा वाटत नव्हता. उघड्यावर पेट्रोलच्या वाफेचा एवढा जबर स्फोट होऊ शकतो असं गृहीतच धरलेलं नव्हतं. मोठी आग लागेल, ती आवारात राहील, इतकाच सर्वांत वाईट अंदाज असे. कडेची झाडं-झुडपं ज्वालेचा वेग वाढवू शकतात, हे त्या तपासातून पुढे आलं. म्हणजे हरित पट्टा म्हणून कुंपणालगत लावलेली दाट झाडी सर्वच बाबतींत हितकारक असते असं नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक अहवालात 'तेहतीस टक्के हरित पट्टा' हे वाक्य अभिमानाने येतं.

सातव्या प्रकरणापासून वाचा

अधिसूचनेने अहवालाचा साचा ठरवून दिलाय. तिसऱ्या प्रकरणात परिसराचं वर्णन, चौथ्यात परिणाम, पाचव्यात पर्यायी जागा, सातव्यात 'अतिरिक्त अभ्यास'. धोक्याचं मूल्यमापन या 'अतिरिक्त'मध्ये बसवलेलं असतं! पक्षी आणि पिकं आधी, स्फोट मागे. वाचायला मात्र तिथूनच सुरुवात करा.

तिथे नकाशावर वर्तुळं काढलेली असतात आणि त्यांवर ४, १२.५, ३७.५ असे आकडे. हे चौरस मीटरमागे किलोवॉट आहेत, म्हणजे आगीची धग. चैत्र-वैशाखातल्या भर दुपारी जमिनीवर पडणारं ऊन साधारण १ किलोवॉटचं असतं. मग ४ म्हणजे डोक्यावर चार सूर्य. वीस सेकंदांत कातडीला वेदना व्हायला लागतात. साडेबाराला जवळ ठिणगी असेल तर लाकूड पेट घेतं. साडेसदतीसला यंत्रसामग्रीच निकामी होते. या वर्तुळांत तुमचं घर, शाळा, रस्ता कुठे येतो, ते पेन्सिलीने बघा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्तुळ कशाचं काढलंय ते बघा. फक्त टाकीच्या आगीचं असेल तर ते छोटंच येणार. नळीला बारीक भोक पडलंय आणि दहा मिनिटांत बंद झालं असं धरलं, तरी छोटंच. उत्तर गृहीतकात लपलेलं असतं. जयपूरला पंचाहत्तर मिनिटं लागली. त्या संध्याकाळी वाहणं बंद करू शकणारी माणसं आधीच पडली होती.

मग 'धोका दहा लाखांत एक' असं एक वाक्य येतं. ब्रिटिश संकेतात जनतेसाठी वर्षाला दहा लाखांत एक मृत्यूची शक्यता 'सर्वसाधारणपणे मान्य' आणि दहा हजारांत एक ही सहन करण्याची वरची मर्यादा मानतात. आकडा खोटा नसतो. पण तो उपकरणं वेळेवर चालली, कुलूप लावलं होतं, झडप बंद होती, असं धरून आलेला असतो.

'अहवाल कंपनीच्याच पैशाने होतो, मग वाचून उपयोग काय?'

हा आक्षेप रास्त आहे. सल्लागार संस्थेला मान्यता घ्यावी लागते, पण तिचं बिल प्रकल्प आणणारा भरतो. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीची माहिती उतरवलेली सापडली होती, हे जाहीर आहे. पण ते सापडलं, कारण कोणीतरी तो वाचला. गोव्यात मोपा विमानतळाच्या अर्जात भोवतालच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्राची माहिती नीट दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवून फेरविचाराला पाठवली. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून वाट मोकळी झाली. विमानतळ थांबला नाही, पण अटी वाढल्या. वाचनातून मिळतं ते बहुतेक वेळा एवढंच, आणि एवढं कमी नाही.

हवेची, पाण्याची मोजमापं साधारण एकाच ऋतूची असतात, आणि तो पावसाळा नसतो. नाले कोरडे असताना घेतलेलं माप जुलैतल्या पाण्याबद्दल काय सांगणार? हा मुद्दा कोणत्याही डेपोच्या सुनावणीत मांडता येतो.

'मग पेट्रोल काय आभाळातून येणार?'

हाही रास्त. डेपो नको म्हटलं तर टँकर लांबून, घाटातून येणार. पाइपलाइनने येणारा माल घाटातल्या टँकरपेक्षा सुरक्षित, यात वाद नाही. जयपूरनंतर त्याची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीच्या शिफारशींनी बरंच बदललं : ती जुन्या धाटणीची झडप हद्दपार, दुरून बंद होणाऱ्या झडपा, वाफ हुंगणारी उपकरणं. आज उभा राहणारा डेपो २००९ च्या डेपोपेक्षा बराच बरा असतो. आणि निसर्ग काही डेपोचं वय विचारत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर डिझेलच्या टाकीवर वीज पडून आग लागली, ती विझायला काही दिवस गेले. पण ते बेट. शेजारी वस्ती नाही. डिझेलची टाकी जळाली, माणसं नाही.

त्यामुळे डेपो असावा का, यापेक्षा कुठे असावा हा प्रश्न खरा. त्याचं उत्तर पाचव्या प्रकरणात, पर्यायी जागांच्या तुलनेत, असायला हवं. बहुतेक वेळा ते प्रकरण दीड पानाचं असतं आणि 'जागा कंपनीच्या ताब्यात असल्याने पर्यायांचा विचार केलेला नाही' असं सांगून मोकळं होतं.

टाकी लोकांकडे येते, की लोक टाकीकडे?

ईआयए एका दिवसाचा फोटो असतो. भोवती शेतं आहेत, सर्वांत जवळची वस्ती अमुक अंतरावर, म्हणून धोका कमी. डेपो मात्र चाळीस-पन्नास वर्षं टिकतो. रस्ता रुंद होतो, ढाबा येतो, पंक्चरवाला येतो, गुंठ्यांचे प्लॉट पडतात. कुंपणाबाहेर काय बांधायचं यावर डेपोचा हक्क नसतो. ती परवानगी नगररचना विभाग आणि स्थानिक संस्था देतात, आणि त्यांच्या टेबलावर तो ईआयए नसतो.

मुंबईत याचं सर्वांत कडू उदाहरण माहुल. रिफायनऱ्या आणि साठवण टाक्यांच्या शेजारी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना तिथे पाठवलं गेलं. हवेबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच चिंता नोंदवली होती. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही. टाक्या आधीपासून तिथेच होत्या. लोकांना सरकारने आणून ठेवलं.

म्हणून सुनावणीत कंपनीइतकेच प्रश्न मंचावर बसलेल्या जिल्हा प्रशासनालाही विचारायचे असतात. त्या वर्तुळाच्या आत पुढच्या विकास आराखड्यात घरं, शाळा, मंगल कार्यालयं येणार नाहीत, हे कोण लिहून देणार? कुंपणाबाहेरचा आपत्ती आराखडा जिल्हा प्रशासनाचा असतो. त्यात तुमच्या वाडीचं नाव आहे का, भोंगा वाजला तर कोणत्या रस्त्याने निघायचं, त्याचा सराव कधी होणार?

सुनावणीच्या दिवशी आणि नंतर

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प पडत नाही, आणि गणसंख्येची अटही नाही. शंभर माणसांच्या घोषणांपेक्षा एका माणसाचा लेखी प्रश्न जड पडतो, कारण नोंदलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. तेव्हा लिहून न्या आणि पोच घ्या. कामकाजाचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते वाचल्याशिवाय कोणी उठू नये.

मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत दाद मागता येते. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. महाराष्ट्र-गोव्यासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांचा परवाना हा वेगळा विषय, तो देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. तो मागून घेता येतो.

आणि एक काम सुनावणीचीही वाट न पाहता करता येतं. डेपोच्या उताराला ज्यांच्या विहिरी किंवा बोअर आहेत, त्यांनी चार-पाच जणांत वर्गणी काढून पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. बेंझीन आणि त्याच्या भावंडांची, म्हणजे टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीनची चाचणी सांगावी. नमुना सीलबंद करताना तलाठी किंवा ग्रामसेवकाची सही घ्यावी, आणि पावतीवरची तारीख पहिली टाकी भरण्याच्या आधीची असावी. पंधरा वर्षांनी पाण्याला वास आला तर 'हे आधीपासूनच होतं' असं कोणीतरी म्हणणारच.